राजकीय सदर लिहायचंय? आधी एक जिल्हा पाठ करा

राजकारणावर मत नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. टपरीवर, लोकलमध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मतं तयार असतात आणि बऱ्याचदा ती छान मांडलेलीही असतात. त्यामुळे संपादकाला अजून एक मत नको असतं, हे आधी डोक्यात पक्कं करा. त्याला असा माणूस हवा असतो ज्याचं वाचून वाचक म्हणेल, अरेच्चा, हे माहीतच नव्हतं आपल्याला. मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकात संपादकीय पानाच्या डेस्कवर होते, आलेले लेख वाचायचे, कापायचे, लेखकाला फोन करून विचारायचं की हा आकडा कुठून आणलात, हेच रोजचं काम. तिथे बसून एक गोष्ट लख्ख दिसते, की वर्षानुवर्षं जे टिकतात त्यांच्याकडे नोंदी असतात. भाषा कच्ची असली तर डेस्कवर सुधारता येते, नोंदीच नसतील तर त्यात कुणीच काही करू शकत नाही.

तर पहिलं काम म्हणजे एक मैदान निवडायचं. दिल्ली, अमेरिका, शेअर बाजार, मराठा आरक्षण सगळ्यावर लिहितो असं म्हणणारा लेखक कुठल्याच दिवशी आठवत नाही. एक जिल्हा घ्या. नाहीतर एक विषय घ्या, सहकार, पाणी, महापालिकांची तिजोरी, काहीही, पण त्या विषयाची बातमी फुटली की संपादकाच्या तोंडी तुमचंच नाव यायला हवं.

सांगलीचं उदाहरण घेते. 2024 च्या लोकसभेला राज्यातल्या 48 जागांपैकी 30 महाविकास आघाडीला गेल्या, 17 महायुतीला, आणि उरलेली एक सांगली, जिथे विशाल पाटील अपक्ष निवडून आले. निकालाच्या दिवशी बहुतेकांनी ‘बंडखोरी यशस्वी’ म्हणून विषय संपवला. आता ज्याच्याकडे सांगलीच्या नोंदींची वही आहे तो काय करेल बघा. त्याला माहीत असतं की 1962 पासून 2014 पर्यंत ही जागा काँग्रेसने सोडलीच नव्हती, आणि त्यातली बरीच वर्षं ती वसंतदादांच्या घरात होती, विशाल पाटील त्यांचे नातू. 2014 ला संजयकाका पाटलांनी ती भाजपकडे नेली. 2019 ला आघाडीने जागा मित्रपक्षाला म्हणजे राजू शेट्टींच्या स्वाभिमानीला सोडली, विशाल पाटील त्यांच्या तिकिटावर लढले आणि हरले, पण त्याच निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीकडून गोपीचंद पडळकरांनी तीन लाखांच्या घरात मतं घेतली होती. म्हणजे संजयकाकांच्या विरोधातली मतं तेव्हाच त्यांच्या मतांपेक्षा जास्त होती, दोन ठिकाणी वाटली गेली एवढंच. मग 2024 ला जागा पुन्हा मित्रपक्षाला गेली, या वेळी ठाकरेंच्या शिवसेनेला, त्यांनी पैलवान चंद्रहार पाटलांना उभं केलं, आणि मतदारांनी मत विभागायचं नाकारलं, विशाल पाटील सुमारे लाखाच्या फरकाने आले. एवढं हाताशी असलं की लेखाचा प्रश्नच बदलतो. बंडखोरी कशी झाली हा प्रश्न मागे पडतो आणि वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांना हा पाच वर्षांपूर्वीचा आकडा का दिसला नाही, हा प्रश्न पुढे येतो. हा लेख कुणीही छापेल.

ही वही कशी करायची ते सांगते. निवडणूक आयोगाचा फॉर्म 20 नावाचा कागद असतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर तो मिळतो, बऱ्याचदा स्कॅन केलेला आणि वाकडातिकडा, त्यामुळे आकडे हाताने एक्सेलमध्ये भरायची तयारी ठेवा. सगळा जिल्हा एकदम काढू नका, जीव जाईल. आपला एक तालुका घ्या आणि 2014, 2019, 2024 असे तीन रकाने शेजारी शेजारी मांडा. केंद्रांचे क्रमांक मधल्या काळात बदललेले असतात, म्हणून क्रमांकावर विसंबू नका, गावाचं आणि शाळेचं नाव बघून जुळवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदा झालं की कुठल्या गावात कुणाचा शब्द चालतो, कुठली वाडी लोकसभेला एकीकडे आणि विधानसभेला दुसरीकडे जाते, हे तुम्हाला जेवढं कळेल तेवढं मुंबईत बसून बोलणाऱ्यांना कधीच कळणार नाही.

त्याच वहीत उमेदवारांची शपथपत्रं घाला. फॉर्म 26 मध्ये मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं येतं, आणि तेच गृहस्थ तीन निवडणुका लढले असतील तर तीन शपथपत्रं एकमेकांशेजारी ठेवून वाचा. आणि हे फक्त आमदार-खासदारांपुरतं ठेवू नका. महाराष्ट्राचं खरं राजकारण बाजार समिती, जिल्हा बँक, दूध संघ आणि साखर कारखान्यात शिजतं, तिथे पक्ष नसतो, पॅनल असतं, आणि विधानसभेला एकमेकांना शिव्या देणारे दोघे जिल्हा बँकेत एकाच पॅनलमध्ये बसलेले सापडतात. कारखान्याचा वार्षिक अहवाल कुणा सभासदाकडून मागून घ्या, संचालकांची यादी उतरवून घ्या, वार्षिक सभेला जाऊन मागे बसा. जिल्हा परिषदेच्या विषय समित्या कुणाकडे आहेत ते लिहून ठेवा. असल्या नोंदी इंटरनेटवर एका जागी कुठेच नसतात, म्हणूनच त्यांना किंमत आहे.

माहितीचा अधिकार वापरायला शिका, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून पाल्हाळ लावू नका. ‘रस्त्यांच्या कामात भ्रष्टाचार झाला का’ असं विचारलंत तर काहीच मिळणार नाही, अमुक रस्त्याच्या अमुक कामाच्या मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं त्यात असतात) आणि कार्यारंभ आदेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कागद) प्रत द्या असं मागा. कागद मागायचा, मत मागायचं नाही. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करायचं, निम्मे लोक तिथेच सोडून देतात आणि बरीचशी माहिती तिथेच मिळते.

आता वाचनाबद्दल. मूळ कागद वाचायची सवय नसेल तर हे काम करूच नका, इतकं स्पष्ट सांगते. जून 2022 ला शिवसेना फुटली तेव्हा दोन तृतीयांश आमदार सोबत आहेत म्हणजे सगळे सुरक्षित, असं चॅनेलवर दिवसभर चाललं होतं. राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, काही पानांचंच आहे, ते उघडून वाचलेल्याला दिसलं असतं की दोन तृतीयांशची सवलत दुसऱ्या पक्षात विलीन होण्यासाठी आहे, वेगळा गट म्हणून बसायला नाही. 11 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हाही तेच, दोन्ही बाजूंनी पेढे वाटल्यासारखी वक्तव्यं आली. निकालात मात्र राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरवलं होतं, शिंदे गटाच्या भरत गोगावलेंच्या प्रतोदपदाला दिलेली मान्यताही बेकायदा ठरवली होती, आणि तरीही ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही असंही म्हटलं होतं. तिन्ही गोष्टी एकत्र सांगणारा लेख दुसऱ्या दिवशी ज्याने दिला तो लेखक वाचकांच्या लक्षात राहिला. यासाठी वकील असायची गरज नाही. निकालाच्या शेवटी निष्कर्षांचे मुद्दे क्रमाने दिलेले असतात, ते आधी वाचा, मग मागे जा.

विधिमंडळाचंही तसंच आहे. अधिवेशन म्हणजे पायऱ्यांवरच्या घोषणा असं आपल्याला टीव्हीने शिकवलंय. तुम्ही तारांकित प्रश्न बघा, म्हणजे ज्यांना मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं ते, तातडीच्या विषयांवरच्या लक्षवेधी सूचना बघा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा खर्च बघा, सरकारने मार्चमध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पाचं पुढे खरं काय केलं ते त्यात दिसतं. अर्थसंकल्पाआधी येणारी आर्थिक पाहणी आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल हेही वाचायला अवघड नाहीत, पहिल्या वर्षी डोकं दुखतं, दुसऱ्या वर्षीपासून कुठलं पान उघडायचं ते हाताला कळतं. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं तेव्हा जमलं तर दोन-चार दिवस जाच. कुठल्या मोर्चाला कोण मंत्री सामोरा जातो, कुणाच्या बंगल्यावर गर्दी आहे आणि कुणाच्या नाही, हे डोळ्याने बघितल्याशिवाय कळत नाही.

बरं, हे सगळं करताना लिहायला कधी लागायचं? लगेच. सुरुवात वाचकांच्या पत्रांपासून करा आणि त्याला कमी लेखू नका, डेस्कवरचा माणूस ती पत्रं रोज वाचत असतो आणि चांगल्या पत्रांखालची नावं त्याला पाठ होतात. 150-200 शब्दांत एक मुद्दा, एक आकडा, बास. पेपरमध्ये छापलेल्या एखाद्या लेखातली तपशिलाची चूक सभ्य शब्दात दाखवणारं पत्र हा माझ्या मते आत शिरायचा सगळ्यात उत्तम रस्ता, कारण तुम्हाला किती माहीत आहे ते त्यात एका झटक्यात दिसतं. त्यानंतर जिल्हा आवृत्तीत लिहा, साधनासारख्या साप्ताहिकाला लेख पाठवा, दिवाळी अंकांना पाठवा. दिवाळी अंकात तीन-चार हजार शब्दांची ऐसपैस जागा मिळते आणि संपादक उन्हाळ्यापासूनच विषय ठरवायला लागतात, ऑक्टोबरात लेख पाठवून उपयोग नसतो.

दैनिकाला लेख पाठवताना मेलमध्ये आधी तीन-चार ओळी लिहा, विषय काय, तुमच्याकडे नवीन काय आहे, आणि हे लिहायला तुम्हीच का. लेख युनिकोडमध्ये टाइप केलेला, साध्या वर्ड फाइलमध्ये. पीडीएफ नको, वहीच्या पानाचा फोटो नको, जुन्या फॉन्टमधली फाइल नको, कारण रात्री आठ वाजता ती उघडली की नुसते चौकोन दिसतात आणि मग तो लेख बाजूला पडतो, त्यात कुणाचा राग नसतो, वेळच नसतो. शब्दमर्यादा 800 असेल तर 800 च पाठवा. 1400 पाठवून ‘तुम्हाला हवं तसं कापा’ म्हणणारा लेखक आपलं काम दुसऱ्यावर ढकलत असतो, आणि कापताना नेमका तुमचा लाडका मुद्दा जातो. खाली आकड्यांचे संदर्भ वेगळे लिहून द्या, छापायला नाही, डेस्कला तपासायला. असं करणारे लेखक इतके कमी असतात की तेवढ्यावरूनही तुमची आठवण राहील. तोच लेख एकाच वेळी चार पेपरांना पाठवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण असं होतं आणि दोन पेपरांत एकाच दिवशी छापून येतं, मग दोन्ही दारं बंद.

सदर मिळालं की खरी परीक्षा सुरू होते, कारण दर आठवड्याला विषय लागतो आणि दर आठवड्याला काही आभाळ कोसळत नाही. पहिलं सदर सुरू व्हायच्या आधी निदान सहा लेख पूर्ण लिहून ठेवा, कुठल्याही आठवड्यात चालतील असे. आजारपण, लग्नसराई, घरातली अडचण, काहीही झालं तरी जागा रिकामी जाता कामा नये.

लेखाची पहिली ओळ कशी असावी यावर मी तासभर बोलू शकेन. डेस्कवर सगळ्यात जास्त वेळा मी जो परिच्छेद उडवला तो साधारण असा असायचा: ‘महाराष्ट्राच्या राजकारणाने आज अत्यंत खालची पातळी गाठली असून सत्तेसाठी पक्षांतर करणाऱ्यांनी लोकशाहीची थट्टा मांडली आहे.’ यात चूक काहीच नाही, पण यात काहीच नाही. आता तोच विषय असा सुरू करा: ‘2003 पर्यंत एखाद्या पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तरी त्यांची आमदारकी वाचायची. त्या वर्षीच्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली. मग 2022 ला शिवसेना आणि 2023 ला राष्ट्रवादी फुटली ती कुठल्या वाटेने?’ इथे वाचक पुढे जाणारच, कारण त्याला उत्तर हवंय, आणि उत्तर तुमच्याकडे आहे, की आम्ही फुटलोच नाही, आम्हीच मूळ पक्ष आहोत असा दावा केला गेला आणि तो आमदारकीचा प्रश्न निवडणूक आयोगाच्या 1968 च्या चिन्हविषयक आदेशाकडे नेला गेला, तिथून फेब्रुवारी 2023 ला शिंदेंना धनुष्यबाण आणि फेब्रुवारी 2024 ला अजित पवारांना घड्याळ मिळालं. राग व्यक्त करायची गरजच पडली नाही. वाचकाला राग यायचा तर तो आपला आपण येईल.

भाषेबद्दल एवढंच, की बोलता तसं लिहा. ‘सदर बाब ही चिंताजनक असल्याचे प्रतिपादन केले’ ही सरकारी मराठी आहे, ती जीआरमध्ये राहू दे. नेत्यांना टोपणनावं ठेवू नका, विनोद चेहऱ्यावर किंवा बोलण्याच्या ढबीवर करू नका. एका लेखात एकच मुद्दा. आणि शेवटी ‘येणारा काळच ठरवेल’ हे वाक्य आलं तर ते खोडा, काळ ठरवणारच आहे, तुम्हाला काय वाटतं ते सांगायला तुम्हाला जागा दिलीय.

अंदाज करायचा का? करायचा, पण कशावरून करतोय ते उघड लिहून. 2024 चीच गोष्ट बघा. लोकसभेला 30 विरुद्ध 17 बघून अनेकांनी विधानसभा महाविकास आघाडीच्या खात्यात टाकून दिली. जागा सोडून मतांची टक्केवारी बघणाऱ्याला मात्र दिसत होतं की दोन्ही आघाड्यांमध्ये एक टक्क्याचाही फरक नाही. त्यात जूनमध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिना 1500 रुपये, ऑगस्टपासून पैसे खात्यात यायला लागले. नोव्हेंबरात निकाल लागला तेव्हा भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41, म्हणजे 288 पैकी तिघांचे मिळून 230. इतका मोठा आकडा येईल असं कुणालाच ठामपणे सांगता आलं नसतं, पण लढत एकतर्फी नाही आणि बायकांच्या खात्यात जाणारा पैसा हा मुद्दा मोठा आहे, एवढं सप्टेंबरात कागदावरून लिहिता येत होतं. अंदाज लिहिला की तारखेसह वेगळ्या पानावर उतरवून ठेवा आणि निकालानंतर त्याच सदरात त्याचा हिशेब द्या. वाचक याचा फार मान ठेवतात.

आता सगळ्यात नाजूक भाग, नेत्यांशी नातं. ओळखी लागतातच, फोन उचलणारी माणसं असल्याशिवाय हे काम होत नाही. चहा प्या, गप्पा मारा, ‘ऑफ द रेकॉर्ड’ सांगितलेलं मरेपर्यंत पाळा. पण त्यांच्या पैशाने प्रवास नाही, दिवाळीची भेट नाही, त्यांच्या भाषणांचं पुस्तक संपादित करून देणं नाही, आणि निवडणुकीत कुणाचं कंटेंटचं काम तर अजिबात नाही. ते काम वाईट आहे असं मी म्हणत नाही, अनेकजण प्रामाणिकपणे करतात, पण ते करायचं तर सदर सोडा. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातलं पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराचं, प्रकरण बाहेर काढलं त्याची पद्धत प्रत्येक होतकरू लेखकाने बघावी. त्यांनी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांची पानं शेजारी ठेवली आणि एकच मजकूर शब्दाला शब्द सारखा, वेगवेगळ्या नावांनी छापलेला दाखवला. कुठलं गुप्त सूत्र नाही, रद्दीत मिळणारे पेपर. त्या दिवसांत वाचकाचा जो विश्वास गेला तो अजून पुरता परत आलेला नाही, आणि सदर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याची किंमत थोडीथोडी मोजावी लागते, म्हणून मी याबद्दल एवढी कडक आहे.

बदनामीचा कायदा माहीत असू द्या. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘खरं असलं की झालं’ हा गैरसमज आहे, खरं असावं लागतं आणि ते सांगणं लोकांच्या हिताचं असावं लागतं. सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या कामावर सद्भावनेने केलेल्या टीकेला संरक्षण आहे, त्याच्या घरातल्यांवर, चारित्र्यावर ऐकीव लिहिलंत तर नाही. ‘असे बोलले जाते’ ही ढाल नाही. प्रत्येक आरोपाच्या वाक्यासमोर मनात एक प्रश्न विचारा, कोर्टात याचा कागद दाखवू शकेन का? आणि ज्याच्यावर लिहिताय त्याला छापायच्या आधी एकदा फोन करा, उत्तर मिळो न मिळो, कधी विचारलं त्याची नोंद ठेवा.

मुलींना आणि बायकांना एक वेगळं सांगायचंय. तुम्ही राजकारणावर लिहायला लागलात की मार्चमध्ये महिला दिनाचा लेख मागायला फोन येईल आणि निकालाच्या दिवशी येणार नाही. महिला दिनाचा लेख द्या हवं तर, पण त्याच फोनवर सांगा की जिल्हा बँकेच्या निवडणुकीवर माझ्याकडे माल आहे. परत परत सांगा. पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत महाराष्ट्रात, आणि त्या सरपंच, सभापती बायकांशी मोकळेपणाने बोलू शकणाऱ्या राजकीय लेखिका पेपरांत किती कमी आहेत! हे मैदान जवळजवळ मोकळं आहे. सोशल मीडियावर घाण लिहिली जाईल, स्क्रीनशॉट काढून ठेवा, धमकी असेल तर तक्रार करा, आणि संपादकाला कळवा, एकटीने सोसत बसू नका.

पैशाबद्दल खरं सांगायचं तर सदराच्या मानधनावर घर चालत नाही. प्राध्यापकी, वकिली, शेती, अनुवाद, पूर्णवेळ पत्रकारितेची नोकरी, काहीतरी हाताशी लागतंच. ही आजचीच गोष्ट नाही. बाबासाहेबांनी 1927 मध्ये बहिष्कृत भारत हे पाक्षिक काढलं, त्यातला कितीतरी मजकूर स्वतः एकट्याने लिहिला, आणि तरी पैशाअभावी ते 1929 ला बंद पडलं. म्हणून पोटाची सोय वेगळी करा, म्हणजे कुणी लेखात बदल सुचवला तर नाही म्हणायची ताकद राहते. मानधन किती आणि किती दिवसांनी, हे सुरुवातीलाच मेलवर विचारा, त्यात लाजायचं काही कारण नाही.

आता पुस्तक. दोन-तीन वर्षं सदर चाललं की कुणीतरी म्हणतंच, लेखांचा संग्रह काढा. काढायच्या आधी थांबून विचार करा, कारण राजकीय सदरांचे बहुतेक संग्रह वर्षभरात शिळे होतात, संदर्भ निघून गेलेला असतो. लोकहितवादींनी 1848 पासून प्रभाकर साप्ताहिकात लिहिलेली 108 पत्रं आजही वाचली जातात, कारण ती त्या आठवड्याच्या घडामोडीवर नव्हती, समाज कशामुळे अडलाय यावर होती. तुमचे लेख त्या कसोटीवर लावा. शंभरातले पंचवीस उरले तर पंचवीसच घ्या, प्रत्येकाला तारीख द्या, पुढे काय झालं त्याची टीप जोडा.

त्यापेक्षा चांगला रस्ता माझ्या मते असा, की सदर हे कच्चा माल समजायचं आणि पुस्तक नव्याने लिहायचं. गोविंद तळवलकरांनी दैनिकाचं संपादकपद सांभाळत असतानाच इंग्रजांकडून भारताकडे झालेल्या सत्तांतराच्या इतिहासावर स्वतंत्र खंड लिहिले, त्यासाठी वेगळं वाचन केलं. अरुण साधूंनी बातमीत न मावणारं मंत्रालय आणि मुंबई कादंबरीत नेलं. प्रकाश अकोलकरांनी वार्ताहर म्हणून बघितलेल्या शिवसेनेचा सलग इतिहास लिहिला. तुमच्या वहीत एका जिल्ह्याची तीस-चाळीस वर्षं असतील तर तेच पुस्तक आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांचं स्वातंत्र्यानंतरचं नीट राजकीय चरित्र अजून लिहिलेलंच नाही, आणि ज्यांना आठवतंय ती माणसं म्हातारी झालीत. त्यांच्याकडे आत्ता जा, रेकॉर्डिंग करा, त्यांच्या घरातल्या जुन्या पत्रिका, हँडबिलं, फोटो मोबाइलवर टिपून घ्या.

प्रकाशकाकडे जाताना सगळं बाड नेऊ नका. दोन पानांचा आराखडा, प्रकरणांची यादी, एक पूर्ण प्रकरण. मराठीत राजकीय पुस्तकाची पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींची किंवा त्याहून कमी निघते, त्यामुळे रॉयल्टीची स्वप्नं बेताची ठेवा, पण करार मात्र लेखीच करा. लेखांच्या हक्काबद्दल लोक उगीच घाबरतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही पेपरचे नोकर असाल तरी, वेगळा करार नसेल तर, पेपरचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता असतो, पुस्तकाचा हक्क तुमचाच राहतो. बाहेरून लिहीत असाल तर प्रश्नच नाही, फक्त मानधनाच्या कागदावर सगळे हक्क देऊन टाकल्याचं बारीक अक्षरात लिहिलेलं नाही ना, ते सही करण्याआधी बघा. प्रकाशकाशी करताना मुदत लिहून घ्या, लिहिली नाही तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते. ई-बुक, ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क वेगवेगळ्या ओळींत लिहा, एकगठ्ठा देऊ नका. आवृत्ती संपल्यावर ठरावीक महिन्यांत पुढची काढली नाही तर हक्क परत, हे कलम मागून घ्या.

आणि सूची करा, म्हणजे शेवटी कुठलं नाव, कुठलं गाव, कुठली संस्था कुठल्या पानावर ते. मराठी राजकीय पुस्तकांत ती बऱ्याचदा नसते आणि नंतर अभ्यास करणाऱ्याचे फार हाल होतात. प्रकाशक म्हणेल पानं वाढतात. आठ-दहा पानं वाढतील, वाढू द्या, लागलं तर एक प्रकरण छोटं करा. पानं लागून अंतिम प्रूफ हातात आलं की तीन-चार दिवस काढून ती स्वतः बसून करा, दुसऱ्याला देऊ नका, कारण एकाच आडनावाचे चार नेते असतात आणि त्यातला कोणता कुठे आहे ते तुम्हालाच माहीत असतं.